अपडेट फसल्यावर परतीची वाट कुणी ठेवायची? एनआयएसटी ८००-१९३ वाचताना

फर्मवेअरच्या सुरक्षेवर काम करणाऱ्या कुणालाही एक कागद टाळता येत नाही. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने मे २०१८ मध्ये काढलेली ही मार्गदर्शिका, क्रमांक ८००-१९३. विषय ‘प्लॅटफॉर्म फर्मवेअर रेझिलियन्सी’, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुळाशी बसलेलं सॉफ्टवेअर बिघडलं तरी यंत्र पुन्हा उभं राहील याची सोय. आमच्याकडे पेपर लिहायला घेतला की पहिल्या पानावर हिचा उल्लेख येतोच. माझ्या प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणातही आहे.

मार्गदर्शिका चांगली आहे, हे आधीच सांगतो. भाषा स्पष्ट आहे, विभागणी नेमकी आहे. तरी माझी तिच्याबद्दल एक तक्रार आहे. ती प्रयोगशाळेत बसून फारशी जाणवत नाही. पुणे-नगर रस्त्यावरच्या सणसवाडीसारख्या गावात, जिथे एका दुकानाचा सगळा धंदा एकाच डेस्कटॉपवर चालतो, तिथे लगेच जाणवते. तक्रार थोडक्यात अशी: फर्मवेअरला कुलूप लावायचं काम उद्योगाने मनापासून केलं, पण फसलेल्या अपडेटमधून परत यायचा रस्ता सगळ्यांसाठी बांधला नाही. आणि मार्गदर्शिकेची मांडणीच अशी आहे की तिने हे चालू दिलं.

आधी मार्गदर्शिका काय म्हणते ते

तिच्यात तीन तत्त्वं आहेत. पहिलं संरक्षण: अधिकृत सही नसलेलं फर्मवेअर चिपवर लिहिलं जाऊ नये. दुसरं शोध: फर्मवेअर बदललं किंवा बिघडलं असेल तर यंत्राला ते कळावं. तिसरं पुनर्प्राप्ती, म्हणजे रिकव्हरी: बिघडलं असेल तर चांगल्या प्रतीवर परत जाता यावं. या तिघांना मिळून ‘रेझिलियन्ट’ म्हणायचं. फक्त पहिलं असेल तर यंत्र ‘प्रोटेक्टेड’. शोध आणि पुनर्प्राप्ती असेल तर ‘रिकव्हरेबल’.

हे फर्मवेअर राहतं कुठे? मदरबोर्डवर आठ पायांची एक छोटी फ्लॅश चिप असते, नखापेक्षाही लहान. क्षमता साधारण १६ किंवा ३२ मेगाबाइट. पारंपरिक पीसी चालू होताच प्रोसेसर आपली पहिली सूचना इथूनच वाचतो. विंडोज, हार्ड डिस्क, स्क्रीन हे सगळं त्यानंतर येतं.

फ्लॅश चिपचा एक स्वभाव आहे. जुन्या मजकुरावर थेट नवा लिहिता येत नाही, आधी तो तुकडा पुसावा लागतो आणि मग लिहावा लागतो. पुसणं झालं आणि लिहिणं व्हायच्या आत लाईट गेली, तर तिथे ना जुनं उरतं ना नवं. यंत्राला पहिली सूचनाच मिळत नाही. पंखा फिरतो, स्क्रीन काळी राहते. दुरुस्तीवाले याला ‘बायोस उडाला’ म्हणतात.

कुलूप का लागलं?

कुलूप लावायची कारणं खरी होती. २६ एप्रिल १९९९ या दिवशी सीआयएच नावाचा व्हायरस जगभर जागा झाला. तैवानच्या एका विद्यार्थ्याने तो लिहिला होता, आणि तारीख चेर्नोबिल अपघाताची असल्यामुळे त्याला तेच नाव चिकटलं. तो हार्ड डिस्कचा सुरुवातीचा भाग पुसायचा आणि काही बोर्डांवर बायोसच्या चिपमध्येही कचरा लिहायचा. फर्मवेअर कुणीही खराब करू शकतं हे तेव्हा सगळ्यांना कळलं. पुढे एप्रिल २०११ मध्ये एनआयएसटीची ८००-१४७ ही आधीची मार्गदर्शिका आली. तिचा सगळा भर संरक्षणावर होता: सही तपासल्याशिवाय बायोस अपडेट नको. २०१८ मध्ये ‘ईसेट’ या कंपनीने लोजॅक्स शोधला. फ्लॅश चिपमध्ये घुसून बसणारं, प्रत्यक्ष हल्ल्यात वापरलेलं असं हे यूईएफआय रूटकिट. त्यामुळे कुलपाची गरज कुणी नाकारत नाही, मीही नाही.

पण त्याच काळातली दुसरी गोष्ट विसरली गेली. नव्वदच्या दशकातल्या पुष्कळ बोर्डांवर ‘बूट ब्लॉक’ असायचा. चिपचा हा छोटा तुकडा साध्या अपडेटमध्ये पुसलाच जायचा नाही. बाकी बायोस गेला तरी तो फ्लॉपी ड्राइव्ह चालू करून तिथून नवी फाइल उचलायचा. स्क्रीनवर काही दिसलं नाही तरी फ्लॉपीचा दिवा लागायचा, आवाज यायचा, आणि माणसाला कळायचं की काम चाललंय. शिवाय चिप बहुतेक वेळा सॉकेटमध्ये असायची, म्हणजे उपसून दुसरी बसवता यायची. आज ती सहसा बोर्डला डाग दिलेली असते.

म्हणजे रिकव्हरी ही काही नवी, महागडी कल्पना नाही. ती होती. नंतर ती कुणाला मिळावी आणि कुणाला नाही, हे बोर्डाची किंमत ठरवू लागली.

सणसवाडीत काय झालं

सणसवाडीत माझ्या मावसभावाचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरण्याचं दुकान आहे. आजूबाजूला कारखाने आहेत, कामगार मराठवाड्यातले, विदर्भातले, बिहारचेही. कुणाचा पीएफ, कुणाच्या मुलाचं जातीचं प्रमाणपत्र, कुणाची शिष्यवृत्ती. हे सगळं एका असेंबल्ड डेस्कटॉपवर. त्याने जुन्या बोर्डावर बसणारा थोडा वेगवान प्रोसेसर सेकंडहँड घेतला. त्या प्रोसेसरसाठी आधी बायोस अपडेट करा, असं बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरच लिहिलं होतं. अपडेट सुरू झालं, लाईट गेली, यूपीएसची बॅटरी जुनी होती. गोष्ट एवढीच.

बोर्डवर फ्लॅशबॅकचं बटण नव्हतं, दुसरी चिपही नव्हती. पुस्तिकेत रिकव्हरीवर एक ओळ होती: सेवा केंद्राशी संपर्क साधा. वॉरंटी संपलेली. बोर्ड वाघोलीच्या एका दुरुस्तीवाल्याकडे गेला आणि तीन दिवसांनी जिवंत होऊन आला. ते तीन दिवस ऐन प्रवेशाच्या मोसमात दुकान बंद होतं.

वाघोलीच्या माणसाने जे केलं ते मी शेजारी उभं राहून बघितलं, आणि माझ्या मते ते कुठल्याही पेपरमधल्या ‘रिकव्हरी फ्लो’च्या आकृतीपेक्षा शिकवणारं होतं. त्याने पॉवर सप्लायची वायर काढली, बोर्डवरचा सेल काढला, आठ पायांच्या चिपवर चिमट्यासारखी क्लिप लावली. क्लिपचं दुसरं टोक सीएच३४१ए नावाच्या स्वस्त यूएसबी प्रोग्रामरला. चिप ३.३ व्होल्टची की १.८ व्होल्टची हे आधी तिच्यावरचा नंबर वाचून पाहिलं, कारण १.८ व्होल्टच्या चिपला थेट जोडलं तर ती मरते. मग चिप दोनदा वाचली आणि दोन्ही फाइली तंतोतंत जुळतात का ते तपासलं. जुळल्या नाहीत तर क्लिप नीट बसलेली नसते.

खरी काळजी इथून पुढे आहे. अर्धवट लिहिलेली ती फाइल त्याने फेकली नाही, जपून ठेवली. कारण अपडेट चिपच्या एका भागावर चालतं. बाकीच्या भागात यंत्राची ओळख शिल्लक असते: सिरियल नंबर, काही बोर्डांमध्ये नेटवर्क कार्डचा पत्ता, आणि कंपनीच्या तयार डेस्कटॉपमध्ये विंडोजची किल्लीसुद्धा. आंधळेपणाने नवी फाइल सगळ्या चिपवर ओतली तर यंत्र चालू होतं, पण ही ओळख पुसली जाते. दुसरं म्हणजे साइटवरून उतरवलेली फाइल जशीच्या तशी चिपवर लिहायची नसते. काही कंपन्यांच्या फाइलला पुढे एक शीर्षभाग जोडलेला असतो, तो कापल्यावरच ती चिपच्या मापात बसते. हे न कळल्यामुळे लोक दुसऱ्यांदा बोर्ड मारतात.

ही सगळी माहिती त्याच्याकडे आहे, पण कुठल्याही कंपनीने ती त्याला दिलेली नाही. चुका करून आणि एकमेकांना विचारून ती जमलेली आहे.

टीकेचा मुद्दा पहिला: वाचक कोण?

८००-१९३ मध्ये धोका म्हणजे मुख्यतः हल्ला. अपघाताने झालेला बिघाड तिच्या कक्षेबाहेर नाही, पण प्रस्तावनेपासून सूर हल्लेखोराचा आहे. उपायांचा वाचक म्हणजे यंत्र बनवणारी कंपनी. साधा वापरकर्ता येतो तो प्रामुख्याने खरेदीदार म्हणून: पुढची यंत्रं घेताना हा दस्तावेज बघून घ्या. शेकडो यंत्रं टेंडर काढून घेणाऱ्या कार्यालयाला हे जमेल. बोर्ड एकदा घेऊन आठ-दहा वर्षं वापरणाऱ्या माणसाला याचा उपयोग नाही. आणि दुरुस्ती करणारा माणूस तर या चित्रात पात्र म्हणून नाहीच.

मुद्दा दुसरा: तीन तत्त्वं वेगळी काढता येतात

‘प्रोटेक्टेड’ हे एक स्वतंत्र, मानाचं लेबल आहे. म्हणजे कुलूप लावलं आणि परतीची वाट ठेवली नाही, तरी उत्पादकाला आपण मार्गदर्शिकेच्या एका पायरीवर आहोत असं म्हणता येतं. मला ही रचना मुळातच चुकीची वाटते. कारण कुलपामुळे बाहेरून दुरुस्ती करणं अवघड होतं. इंटेलच्या बूट गार्डसारख्या व्यवस्थेत उत्पादकाच्या किल्लीचा ठसा चिपसेटमध्ये कायमचा जाळलेला असतो, दुसऱ्या कुणाचं सुरुवातीचं फर्मवेअर तिथे चालतच नाही. सुरक्षेच्या दृष्टीने उत्तम. पण मग बिघाडानंतर उत्पादकाची अस्सल प्रत मिळणं हा एकच रस्ता उरतो. तो रस्ता ज्याने एकटा करून ठेवला, त्याच्यावर तो उघडा ठेवायची जबाबदारी यायला हवी. संरक्षण वाढवाल त्या प्रमाणात रिकव्हरी बंधनकारक, असं वाक्य मार्गदर्शिकेत हवं होतं. ते नाही.

मुद्दा तिसरा: सुरक्षाच कमी होते

हा मुद्दा माझ्या क्षेत्रातल्या लोकांसाठी. सुट्या मदरबोर्डच्या साइटवर बहुतेकदा पूर्ण चिपची फाइल मिळते. कंपनीच्या तयार डेस्कटॉपचं तसं नसतं. अपडेटमध्ये अनेकदा फक्त बायोसचा भाग असतो, बाकीचे भाग नसतात. ते भागही बिघडले तर दुरुस्तीवाल्याला त्याच मॉडेलच्या दुसऱ्या चालू यंत्राची नक्कल लागते. ही नक्कल येते कुठून? टेलिग्रामच्या ग्रुपवरून, पैसे घेऊन ‘बिन फाइल’ देणाऱ्या साइटवरून. ती कुणी काढली, तिच्यात काय आहे, कुणाला माहीत नाही. सही सगळ्या भागांची तपासली जातेच असंही नाही.

बघा काय झालं ते. अनोळखी फर्मवेअर यंत्रात जाऊ नये म्हणून कुलूप लावलं. अधिकृत रिकव्हरी प्रत दिली नाही. म्हणून माणूस क्लिप लावून अनोळखी फर्मवेअर स्वतःच्या हाताने आत घालतो. वर पैसेही देतो. हा धोका हल्लेखोराने आणलेला नाही, रिकव्हरी नसल्यामुळे तयार झालेला आहे. मी आतापर्यंत वाचलेल्या संशोधनात हल्ला किती लवकर ओळखता येतो याची मोजमापं भरपूर सापडली. एकच यंत्र असलेल्या माणसाला परत उभं राहायला किती वेळ लागतो, याचं मोजमाप शोधावं लागतं.

‘पण उघडी वाट म्हणजे चोरवाट’

या टीकेला सेमिनारमध्ये नेहमी एक उत्तर मिळतं: रिकव्हरीचा रस्ता उघडा ठेवला तर हल्लेखोरही तिथून येईल. या आक्षेपात तथ्य आहे, पण तो जितका मोठा करून सांगतात तितका नाही. रिकव्हरीच्या वेळीही सही तपासता येते, तसं मार्गदर्शिकेलाच अपेक्षित आहे. ८००-१४७ मध्ये तर यंत्रासमोर प्रत्यक्ष हजर असलेल्या माणसाने करायच्या स्थानिक अपडेटची मुभा आहे, आणि बिघडलेला बायोस दुरुस्त करणं हा तिचा एक उपयोग म्हणून सांगितलाय. आणि ज्याच्या हातात यंत्र, पेचकस आणि क्लिप आहे त्याला चिपवर हवं ते लिहिण्यापासून आजही अडवता येत नाही.

खर्चाचं कारणही टिकत नाही. गूगलच्या क्रोमबुक आणि क्रोमबॉक्समध्ये फर्मवेअरचा एक भाग न बदलणारा असतो, आणि बदलणाऱ्या भागाच्या दोन प्रती असतात. एक बिघडली तर दुसरी. ही काही महागडी यंत्रं नव्हेत, शाळांत वापरायची आहेत. गिगाबाइटने ड्युअल बायोस म्हणून दोन चिपांची बोर्डं वर्षानुवर्षं विकली. आसूस, एमएसआय यांच्या वरच्या बोर्डांवर असं बटण असतं की प्रोसेसर नसतानाही, फक्त स्टँडबायच्या विजेवर, पेनड्राइव्हमधून बायोस लिहिता येतो. म्हणजे तंत्र माहीत आहे. ते खालच्या किमतीच्या बोर्डवर उतरत नाही, आणि खालच्या किमतीचा बोर्ड जिथे जातो तिथेच लाईट जास्त जाते.

बटण असलं तरी पूर्ण सुटका नाही. फाइलला एक ठरावीक नाव द्यावं लागतं, पेनड्राइव्ह फॅट३२ लागतो. काही वेळा ते नाव देणारा छोटा प्रोग्राम विंडोजवरच चालतो. ज्याचं एकुलतं विंडोज यंत्र बंद पडलंय त्याने तो कुठे चालवायचा? यावर मी एक साधी कसोटी सुचवतो: एक बंद पडलेला डेस्कटॉप, एक पेनड्राइव्ह आणि एक मोबाइल, एवढ्यावर रिकव्हरी झाली पाहिजे. तिला मी ‘एका यंत्राची कसोटी’ म्हणतो. रिकव्हरीचा दावा करणारा प्रत्येक बोर्ड आणि प्रत्येक पेपर या कसोटीवर घासून बघावा.

अपडेट करूच नये, असं म्हणता येत नाही

जुनी माणसं सांगतात, चालतंय तर बायोसला हात लावू नका. पूर्वी हा सल्ला ठीक होता. २०२४ मध्ये इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरना जास्त व्होल्टेजमुळे कायमची इजा होत असल्याचं कंपनीने मान्य केलं. त्यावरचा उपाय ऑगस्टपासून बायोस अपडेटमधूनच आला. डिसेंबर २०२३ मध्ये लोगोफेल नावाच्या त्रुटी जाहीर झाल्या. चालू होताना दिसणारं कंपनीचं चित्र वाचणाऱ्या कोडमध्ये त्या होत्या, आणि इलाज पुन्हा फर्मवेअर अपडेट. म्हणजे अपडेट हे आता नेहमीचं काम झालंय. नेहमीच्या कामात कधीतरी लाईट जाणारच. पुणे परिसरात दुरुस्तीसाठी गुरुवारी वीज बंद ठेवायची पद्धत शाळकरी मुलांनाही माहीत आहे. ‘अपडेट चालू असताना वीजपुरवठा खंडित करू नका’ ही सूचना अशा ठिकाणी ग्राहकाला लिहिणं म्हणजे जोखीम त्याच्या डोक्यावर ठेवून मोकळं होणं.

आपल्याकडे काय करता येईल

८००-१९३ अमेरिकेची, तीही ऐच्छिक. भारतात विकायच्या संगणकांना बीआयएसची सक्तीची नोंदणी लागते, पण ती मुख्यतः विजेच्या सुरक्षिततेची: शॉक लागू नये, आग लागू नये. फर्मवेअर तिथे येत नाही. दुसरा धागा ‘राइट टु रिपेअर’चा. ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये त्यासाठी समिती नेमली. शेतीची यंत्रं, मोबाइल आणि टॅब्लेट, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही चार क्षेत्रं धरली. डिसेंबर २०२२ मध्ये पोर्टल आलं. पुढे वस्तू किती दुरुस्त होण्याजोगी आहे त्याचा निर्देशांक काढण्यावरही काम सुरू झालं.

शेतीच्या यंत्रांचं नाव यादीत पहिलं आहे, हे सणसवाडीकरांनी लक्षात घेण्यासारखं आहे. जॉन डिअरचा ट्रॅक्टर कारखाना याच गावात आहे. याच कंपनीवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०२५ मध्ये खटला भरला. आरोप असा की दुरुस्तीला लागणारं पूर्ण सॉफ्टवेअर कंपनी फक्त स्वतःच्या डीलरना देते. कंपनीने आरोप फेटाळले आहेत. निकाल काय लागायचा तो लागो. प्रश्न मात्र डेस्कटॉपच्या चिपचाच आहे: यंत्र तुमचं, पण त्याला जिवंत करणारं सॉफ्टवेअर कुणाच्या हातात?

माझं म्हणणं एवढंच की दुरुस्तीच्या निर्देशांकात स्क्रू आणि बॅटरीबरोबर तीन गोष्टी मोजाव्यात. सही असलेली, पूर्ण चिपची रिकव्हरी फाइल प्रत्येक मॉडेलसाठी जाहीरपणे मिळते का? दुसऱ्या संगणकाशिवाय ती वापरता येते का? यंत्राची ओळख त्यात टिकते का? तिन्हींची उत्तरं हो किंवा नाहीत देता येतात, आणि तपासायला महिना लागत नाही.

तोवर आपल्यापुरतं: बोर्ड घेताना दुकानदाराला फ्लॅशबॅक बटण किंवा दुसरी चिप आहे का विचारा, आरजीबी दिव्यांच्या आधी. अपडेटच्या आधी यूपीएसची बॅटरी खरंच धरते का ते बघा. रिकव्हरीची फाइल योग्य नावाने एका पेनड्राइव्हवर आधीच तयार ठेवा. आणि बोर्ड दुरुस्तीला दिलात, तर जुनी चिप वाचून काढलेली फाइल परत मागून घ्या. तुमच्या यंत्राची ओळख तिच्यातच आहे.

पुढच्या पोस्टमध्ये ‘रूट ऑफ ट्रस्ट’ म्हणजे नेमकं काय, आणि तो विश्वास कुणी कुणावर ठेवायचा असतो, ते बघू.